धा टक्के मेंढरू

…न्हाय, मी म्हनतो डाक्टरकी करायची तर करा की, न्हाय कोन म्हनतंय? नाडी बगा, जीभ बगा, डोळ्याखालची कातडी वडून बगा, ती गार गार चकती छातीला लावा, माझं काय म्हननं न्हाय. पर सकाळी उठून डबीत ‘ती’ वस्तू घ्यायची, डबी बर्फात ठिवायची, बर्फ थर्मासात भरायचा, थर्मास पिशवीत घालायचा आन ती पिशवी मांडीवर घिऊन शेळगावापासनं बारामतीपत्तुर यष्टीनं जायाचं… ही काय रीत झाली? मी काय मेंढरू हाय का? अवं, मेंढराची लेंडीबी आमी कदी अशी मांडीवर घिऊन गेलो न्हाय!

हसताय व्हय? हसा. ज्येच्या मांडीवर ती पिशवी नव्हती त्येनं हसायचंच. कंडाक्टर म्हनला, पिशवीत काय हाय? मी म्हनलं, रिपोट. त्यो म्हनला, रिपोटातनं पानी गळतंय. मी म्हनलं, बर्फ हाय. त्यो म्हनला, रिपोटाला बर्फ कशापायी? मी म्हनलं, नासू नये म्हनून. त्यो माझ्याकडं बगत ऱ्हायला, मंग माझ्या शेजारच्या म्हातारीला म्हनला, मावशी, तुमी जरा फुडं या बसायला. आता बारामतीपत्तुर मी एकटा दोन मानसांच्या शिटावर ऐसपैस बसून गेलो, ह्ये खरं हाय. पर असल्या थाटाचा उपेग काय?

तर मूळ काय झालं ते सांगतो, मधी बोलू नगा, माझं इसरतं. मी म्हस्कू. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून. आता साखर कारखान्यात कामाला आन रगतात साखर, ह्यो इनोद गेटवरच्या वाचमनपासनं आमच्या न्हाव्यापत्तुर सगळ्यांनी करून झालाय, तवा तुमी ऱ्हाऊ द्या. काट्यावर बसायच्या आदी आमी मेंढरावालं. आज्यापंज्यापासनं. दिवाळी झाली की मेंढरं घिऊन घाट उतरून कोकनात जायाचं, आन मिरगाच्या आत माघारी. चाळीस वर्सं मी ह्या पायांनी चाललोय. नऊ वर्सांमागं मेंढरं इकली आन खुर्चीवर बसलो.

खुर्ची मिळाली, डोक्यावर पंखा मिळाला. उसाची गाडी आली की गाडीवान म्हनतो, म्हस्कूभाऊ, च्या. टॅक्टर आला की टॅक्टरवाला म्हनतो, सायेब, च्या. आन कुनी सायेब म्हनलं की मला न्हाय म्हनवत न्हाय, ही माझी खोड. हंगामात दिसाला बारा कप! घरी सारजा, म्हंजे आमची मंडळी, तिला कुनीतरी सांगितल्यालं की खुर्चीवर बसनाऱ्या मानसाच्या घरी बाजरी शोभत न्हाय. झालं. बाजरी गेली, मटकी गेली, हुलगा गेला. गव्हाच्या चपात्या आल्या, बारीक चाळनीनं चाळल्याल्या पिठाच्या, पांढऱ्या, मऊ, तूप लावून घडी घातल्याल्या. नऊ वर्सं मी त्या खाल्ल्या. चाळनीतला कोंडा शेळी खायाची. शेळी अजून ठनठनीत हाय.

मंग तहान लागाया लागली, पाय झिनझिनाया लागलं, कारखान्यावर एक तपासनी झाली तितं सापडलं. वरीसभर गोळ्या खाल्ल्या. साखर हलंना. मंग बारामतीला एक नव्या डाक्टरीनबाई आल्याल्या, योगिनीबाई, पुन्यात शिकल्याल्या, तिशीच्या आतल्या, त्येंच्याकडं गेलो. त्येंनी कागद बगितला आन म्हनल्या, “काका, गोळ्यांनी भागत नाही आता. उपाशीपोटी दोनशे दहा आहे. इंजेक्शन सुरू करावं लागेल. रोज. घरीच, स्वतःच्या हाताने.”

सोताच्या हातानं! मी म्हनलं, बाई, दुसरं कायबी सांगा, उजनीच्या धरनात उडी मारू का? तुमास्नी वाटंल येवडा बाप्या मानूस सुईला भितो. अवं, म्हाईत हाय म्हनूनच भितो! मी सोता ह्या दोन गुडघ्यांत दोनशे मेंढरं धरून सरकारी डाक्टरफुडं इंजक्शनाला दिल्याती. त्येंचं डोळं मी जवळनं बगितल्याती. त्या येळंला त्येंच्या मनात काय येतं ते मला पाठ हाय. आन आता रोज सकाळी मीच धरनार, मीच टोचनार आन मीच वरडनार? मी काय मेंढरू हाय का?

तवा बाई म्हनल्या, एक वाट हाय. त्येंचा पुन्याच्या कालेजासाठी एक अभ्यास चाललाय, त्यात नाव द्यायचं. सहा आठवडं त्या सांगतील तेच खायाचं, दर आठवड्याला डबी आनून द्यायची. साखर उतरली तर इंजक्शन न्हाय. न्हाय उतरली तर त्याच दिशी सुरू. मी म्हनलं, लिवा नाव.

मंग त्येंनी कागदावर आतडं काढलं. मी म्हनलं ह्यो नीरा कालवा का? म्हनल्या, “नाही काका, हे तुम्ही आहात.” आन सांगाया लागल्या. चपाती खाल्ली की ती वरच्यावर पचती, तिची साखर हुती आन सरळ रगतात. खालच्या मोठ्या आतड्यात काय पोचतच न्हाय. आन तितं खाली कोट्यवधी जंतू बसल्यात, आशेवर! तेस्नी पायजे आपल्याला न पचल्यालं. कोंडा, मटकीची सालं, शिळ्या भाकरीतला काय भाग. त्ये मिळालं की त्ये जंतू त्येला आंबवत्यात, आन आंबवून बारीक बारीक आमलं करत्यात. एक शिरक्यातलं, एक खवट लोन्यातलं आन एक त्या दोघांच्या मधलं. लोन्यातलं हाय ते आतड्याचं अस्तर पोसतं. मधलं काळजाकडं, म्हंजे यकृताकडं, जातं आन त्येला म्हनतं, साखर जरा दमानं सोड बाबा. दुपारी मटकी खाल्ली तर तिचा उपेग सांजच्या जेवनालाबी हुतो म्हनं. “असं आम्हाला वाटतंय,” म्हनल्या, “सगळं पक्कं अजून कुणालाच माहीत नाही. म्हणून तर अभ्यास.”

आन मी बसल्याजागी ताठ झालो. म्हनलं, बाई, ह्ये तर मेंढराचं पैलं पोट! मेंढरू कापलं आन ते पोट फाडलं की नेमका ह्योच वास, आंबट आन खवट. रानातलं वाळल्यालं गवात त्याला कोन पचवतंय? आतलं आंबवनच पचवतंय. आन त्येच मेंढरू एकदा का ज्वारीच्या कनसांत घुसलं, बकाबका दानं खाल्लं, की आतलं सगळं बिघडतंय, पोट फुगतंय, दात खातंय, रवंथ सोडतंय, सांजच्याला आडवं. म्हनून मेंढराचं खानं बदलायचं तर आमी आठ आठ दिस दमानं बदलतो. बाईंनी लेखनी खाली ठिवली. म्हनल्या, हे समजायला मला पाच वर्षं लागली काका. आन मंग म्हनल्या, “मेंढीचं सत्तर टक्के तरी पोषण या आम्लांवर चालतं. माणसाचं थोडंच चालतं.”

मी म्हनलं, म्हंजे? मी काय मेंढरू हाय का?

बाई हसल्या न्हायत. अगदी सरळ त्वांडानं म्हनल्या, “दहा टक्के.”

बरं, ही गोष्ट मी घरी सांगायची का? न्हाय सांगायची. पर मानूस येडा असतो, मी सांगितली. सारजा म्हनली, अवं, बाई नवीन हायत, आकडा चुकला असंल, मला तर जास्त वाटतंय. आन आमची आय, तानूबाई, पंच्याहत्तर वर्सांची, कोपऱ्यात मिसरी लावत बसल्याली, ती म्हनली, धा कसं असंल, हा लहानपनी चाळीस तरी हुता.

आता हितं एक दुखनं सांगावं लागतं. बाईंच्या अभ्यासात दोन गट. वीस मानसं बसनारी, वीस मानसं अजून मेंढरांमागं चालनारी. दोघांच्या डब्या घ्यायच्या आन पुन्याच्या मशिनीत घालून बगायचं, कुनाच्या पोटात आमलं किती. बसनाऱ्यांत माझं नाव पैलं. आन चालनाऱ्यांत पैलं नाव कुनाचं? सिद्धूचं. माझ्या थोरल्या भावाचं. आमचं घर एक, मधी एक भिंत, तिकडं त्यो आन वैनी, हिकडं मी आन सारजा, आन आय दोन्हीकडं. मी माझ्या वाटनीची मेंढरं इकली त्या दिसापासनं दादा माझ्याशी बोलत न्हवता. नऊ वर्सं! बायकांचं कवाच बिनसलं न्हाय, भिंतीला वर एक झरोका हाय त्यातनं इरजन तिकडनं हिकडं, मीठ हिकडनं तिकडं. पर आमी दोघं दारात समोरासमोर आलो की दोघंबी आभाळ बगायचो. 

तर डाक्टरीनबाई सोता जीप घिऊन वस्तीवर आल्या दादाला राजी करायला. मी भिंतीला कान लावून बसलो. बाईंनी बिचाऱ्यांनी डबी फुडं केली आन काय पायजे ते शुद्ध भाषेत सांगितलं. दादा म्हनला, “बाई, आमच्या मेंढरांची लेंडी आपल्या रानात पडावी म्हनून बागायतदार घरी येऊन नारळ देतो, पायलीनं ज्वारी देतो, रातभर मेंढरं बसवतो. तुमी तर मानसाची मागताय. काय देनार?”

बाई गडबडल्या. पुन्याच्या कालेजात ह्ये कुनी शिकवल्यालं नसनार. म्हनल्या, आम्ही तुमचं रक्त फुकट तपासू. दादा म्हनला, म्हंजे तीबी नेनार आन वर रगातबी नेनार? ह्यो कुठला सौदा? मी हिकडं त्वांडात धोतराचा बोळा घालून हसतोय, आन सारजा मला चापट मारती, गप बसा, भाऊजींना ऐकू जाईल. शेवटी आय मधी पडली, म्हनली, दे की रं, नाय तरी तू ती कुठं साठवून ठिवनार हायस? तवा जमलं.

आन हिकडं माझे हाल सुरू. सकाळी कालची बाजरीची भाकरी ताकात कुस्करून. दुपारी मटकी. सांजच्याला हुलग्याचं माडगं. च्या बिनसाखरंचा, त्यो बी एकच. तुमास्नी सांगतो, पैल्या चार दिसांत पोटात जे काय सुरू झालं… मी म्हनलं आत कुनी गाळप हंगाम काढलाय काय! ऑगस्टाचा म्हयना, कारखाना बंद, काट्याला काम न्हाय म्हनून आमास्नी गोदामात बसवल्यालं. बंद गोदाम, बारकी खिडकी, आन आत आमी तिघं कारकून. दुसऱ्या दिशी दोघांनी आपली टेबलं भाईर वऱ्हांड्यात नेली. तिसऱ्या दिशी खिडकीतली चिमनी गेली. मी बाईंस्नी बुथवरनं फोन केला, म्हनलं पोटात लई वारा धरतोय. तर त्या खूश! म्हनल्या, छान, म्हणजे जंतू कामाला लागले! अवं, कामाला लागले तर पगार त्येंनी घ्यावा, मी का भाईर बसू? मी काय मेंढरू हाय का, रानात मोकळं सोडायला?

तीन आठवडं असं काढलं. मंग तिसरी डबी घिऊन बारामतीला गेलो, रगात दिलं. साखर एकशे नव्वद. नुस्ती वीसनं उतरल्याली. बाईंनी पुन्याचा कागद काढला. म्हनल्या, काका, तुमच्या डबीत आम्लं फारच कमी. आंबवणारे जंतू आहेत, पण मूठभर. नऊ वर्षं उपाशी ठेवलंत तुम्ही त्यांना. अजून तीन आठवडे बघू. आन असं म्हनून त्येंनी खण वढला आन ती सुई टेबलावर ठिवली. म्हनल्या, नुसती हातात धरून बघा, सवय होऊ दे. मी धरली, आन ती घरंगळून खाली.

घरी आलो आन आयच्या म्होरं बसलो. म्हनलं, आय, माझ्या पोटात आंबवन न्हाय ऱ्हायलं. आता टोचनार मला. आयनं मिसरीचं बोट थांबवलं. म्हनली, येवडंच व्हय? मेंढरू रवंथ सोडतं तवा काय करतो आपन?

आता तुमी मेंढरावालं न्हाय म्हनून सांगतो. मेंढरानं रवंथ सोडली की आमी चांगलं धट्टंकट्टं मेंढरू धरतो, ते रवंथ करताना त्येच्या त्वांडात बोटं घालून त्यातला घास काढतो, आन आजारी मेंढराच्या नरड्यात सारतो. दोन दिसांत उठून चराया लागतं. मी म्हनलं आय, मी काय मेंढरू हाय का?

“धा टक्के,” आय म्हनली. “आन इरजन नासलं की सारजा झरोक्यातनं मागती का न्हाय वैनीकडं? तसंच ह्ये. ह्या घरात धट्टंकट्टं कोन हाय?”

झालं! धट्टंकट्टं म्हंजे दादा. छप्पन्न वर्सांचा, पोट पाठीला लागल्यालं, दिसाला पाच-सा कोस चालनारा. आय उठली, भिंतीपल्याड गेली, तितं काय बोलली मला म्हाईत न्हाय, पर सांजच्याला दादा आमच्या सोप्यात येऊन मांडी घालून बसला. नऊ वर्सांनी. आभाळाकडं बगत. आयनं मधी एकच मोठं पितळी ताट ठिवलं. वैनीच्या हातच्या जाड भाकरी, कालच्या, आन वर हुलग्याचं कालवन. म्हनली, आता सिद्धूनं पैला घास घ्यायचा आन त्याच ताटातलं, त्याच भाकरीचं, म्हस्कूनं खायाचं. तीन आठवडं. दोन येळंला. मला कुनी काय इचारायचं न्हाय.

आमच्यात काय भाऊ एका ताटात जेवायची रीतच हाय, कोकनात आमी दोघं बारकी असल्यापासनं तसंच जेवलोय. पर बोलत नसल्याल्या मानसासंगं एका ताटात जेवून बगा तुमी! त्येचा हात आला की माझा माघारी. माझा गेला की त्येचा थांबल्याला. कोपराला कोपर लागलं की दोघंबी दचकायचो. आन बोलनं सगळं आयच्या मार्फत. आय, त्येला म्हनावं कांदा सरकव. आय, त्येला म्हनावं कांदा त्येच्याच म्होरं हाय. आय, त्येला म्हनावं डोळं फुटल्यात काय म्हंजे दिसंना. आय निवांत मिसरी लावत बसल्याली. धा दिस असं चाललं.

अकराव्या दिशी जेवता जेवता आय उठून भाईर गेली. मुद्दाम गेली का कशी, मी अजून इचारलं न्हाय. ताटावर आमी दोघंच. मी खाली मान घालून खातोय. आन दादा ताटाकडंच बगून म्हनला, “म्हस्क्या, अजून तसाच गिळतूस. चावून खा की.”

मी घास ताटात ठिवला. म्हनलं, दादा, मी मेंढरं इकली म्हनून तू… तर त्यो म्हनला, “मेंढरांचं काय घिऊन बसलास? मेंढरं पुना झाली. घाट उतरताना मागं कोन न्हाय, त्येची सवय हुईना अजून.”

तुमास्नी खरं सांगतो, मला रडू आलं. नऊ वर्सं मी मनात धरून बसल्यालो की ह्येला मेंढरं प्यारी, भाऊ न्हाय. आन त्यो नऊ वर्सं घाटात मागं वळून बगत हुता. आय आत आली, म्हनली काय झालं रं? मी म्हनलं, हुलगा तिखट हाय.

त्या दिसापासनं बोलनं काय थांबंना. ताट सपलं तरी बोलनं सपंना. दादा मेंढरं घिऊन माळावर निघाला की मी मागनं बोलत बोलत निघायचो, पार कळस गावाच्या शिवंपत्तुर. गोदामात दुपारनंतर काम नसायचं, आन मी नसलो की तितल्या लोकांस्नी बरंच वाटायचं. नऊ वर्सांचं बोलायचं हुतं. कोन मेलं, कुनाचं लगीन मोडलं, कोकनात कुठल्या वाडीत आता पानी देत न्हायत. चार चार तास पाय चालत्यात ह्येचं भानच न्हाय. झोपबी कशी लागायची, दगडावानी.

सहा आठवडं झालं. आय, दादा आन मी, तिघं बारामतीला. रगात दिलं. बाईंनी कागद बगितला, परत बगितला. एकशे अठ्ठावीस! मी म्हनलं बाई, टोचायचं? म्हनल्या, नाही टोचायचं. मी तितल्या तितं त्येंच्या टेबलाच्या पाया पडलो. आन डबीचा कागद तर ह्याहून भारी. आमलं दुप्पट झाल्याली. खवट लोन्यातलं तर लईच!

पर बाईंचं कपाळ काय सुटंना. दुसरा कागद काढला, दादाचा. म्हनल्या, हे कसं? यांची आम्लं निम्म्यावर आली, वजन तीन किलो वाढलं. सिद्धूकाका, तुम्ही खाण्यात काही बदल केला का? आमी दोघंबी आभाळ बगाया लागलो. आयनं सांगून टाकलं. त्याचं असं झालं, नऊ वर्सांनी थोरलं दीर घरात आलं म्हनून सारजाला काय करू आन काय नको! जेवान झालं की माळावर निघायच्या आदी दादाला आतनं शिरा, तुपातली चपाती, दोन कप घट्ट गोड च्या. माझं बंद झाल्यालं सगळं गोड तिनं दादाच्या पोटात घातलं, मानानं. आन दादा बिचारा, मोडवत न्हाय म्हनून खातोय.

बाईंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. म्हनल्या, “काका, तुम्ही दोघं वेगवेगळ्या गटांत होता! आणि एका ताटात जेवत होता?”

मी म्हनलं, बाई, काय खायाचं ते तुमी सांगितलं हुतं. कुनासंगं खायाचं न्हाय, ते कुठं सांगितलं हुतं? मंग मी आयच्या इलाजाचंबी सांगितलं, रवंथ, इरजन, सगळं. बाई म्हनल्या, उष्टं खाऊन आतड्यातले जंतू असे येत नाहीत काका, बहुतेक वाटेतच मरतात. मी म्हनलं मंग उतरली कशानं? म्हनल्या, भाकरीनं असेल, मटकीनं असेल, चालण्यानं असेल, झोपेनं असेल, आणखी कशानं असेल. एकदम सगळंच बदललंत, आता मी काय लिहू? दोन्ही नावं यादीतनं काढावी लागतील.

तवा आय म्हनली, “काढा बाई. तुमास्नी दोन गट लागत असतील तर दुसरीकडं बगा. माझ्या घरात नऊ वर्सांनी एक झालाय, त्यो आता मी फोडनार न्हाय.”

बाई चश्मा काढून पुसत बसल्या. मंग आमच्या दोघांची नावं खोडली, दादाचा च्या बंद केला, आन माझ्या कागदावर लिवलं की कशानं गुन आलाय ते कळत नसल्यानं ह्येंनी ह्यातलं कायबी बंद करू नये. भाकरी न्हाय, मटकी न्हाय, चालनं न्हाय, भाऊ न्हाय.

आता बगा माझी गोची. दिवाळी तोंडावर. दादा मेंढरं घिऊन कोकनात निघनार, आन त्याच आठवड्यात कारखाना पेटनार, म्हंजे गाळप सुरू हुनार. परवा ताटावर दादा म्हनला, येतूस का, घाट उतरपत्तुर? बस, येवडंच. साखरंचं सोडा वो, सुईचंबी सोडा. नऊ वर्सांनी मानूस इचारतोय, मी न्हाय म्हनू? म्हनून पंधरा दिसांच्या रजंचा अर्ज लिवला. खोटं कशापायी लिवायचं, खरं कारन लिवलं, की माझ्या पोटातल्या जंतूंची तब्येत संबाळन्यासाठी भावासंगं पायी कोकनात जाने जरुरीचे आहे. संगं बाईंचा कागदबी जोडला.

काल अर्ज माघारी आलाय. सायबानं लाल शाईत शेरा मारलाय, ‘हंगामात वजनकाट्यावरून रजा मिळणार नाही. जंतूंनी स्वतंत्र अर्ज करावा.’

आता अर्ज काय, तोबी मी लिवून देतो, माझं काय न्हाय… पर खाली कोट्यवधी सह्या लागनार, त्या दिवाळीच्या आत कवा हुयाच्या?